हरिश्चंद्राची फॅक्टरी: कामाच्या खटपटीत रमलेला चित्रपट

घरी पाहुणे आहेत, त्यांत आजी आहे, कॉलेजात जाणारा भाचा आहे, दहा वर्षांची एक मुलगी आहे, आणि सगळ्यांना एकत्र बसून एक मराठी चित्रपट पाहायचा आहे. अशा वेळी ज्यावर सहसा कोणी कुरकुर करत नाही तो परेश मोकाशी यांचा 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'. लांबी दीड तासाच्या जरा पुढे, म्हणजे मध्यंतराचा चहा धरूनही संध्याकाळ मोडत नाही. २००९ मध्ये भारतातर्फे ऑस्करच्या परदेशी भाषा विभागासाठी तो पाठवला गेला, सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्याला मिळाला, आणि चित्रपटगृहांत तो २०१० च्या जानेवारीत लागला. रंगभूमीवर नाव झालेल्या मोकाशींचा हा पहिलाच चित्रपट होता. पुरस्कारांमुळे एखादा चित्रपट एकदा पाहिला जातो. हा पुन्हा पुन्हा पाहिला जातो त्याचं कारण वेगळं आहे: यात माणसं काम करताना दिसतात, आणि ते काम नेमकं कसं चालतं हे प्रेक्षकाला कळतं.

गोष्ट माहितीची. छापखान्याच्या भागीदारीतून बाहेर पडलेले धुंडिराज गोविंद फाळके गिरगावात तंबूतला सिनेमा पाहतात, वेडावतात, घरातलं सामान विकतात, डोळे बिघडवून घेतात, लंडनला जाऊन कॅमेरा आणतात आणि १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणतात. शेवट काय होणार हे तिकीट काढतानाच ठाऊक असतं. अशा गोष्टीत उत्सुकता टिकवायची तर 'काय' सोडून 'कसं' दाखवावं लागतं. मोकाशींनी तेच केलं. बापू वाटवे यांनी लिहिलेलं फाळके चरित्र वाचून त्यांना हा चित्रपट सुचला, आणि चरित्रातल्या दुःखाच्या जागा टाळून त्यांनी खटपटीच्या जागा उचलल्या.

त्यातली सगळ्यात सुंदर जागा वाटाण्याच्या रोपाची. लंडनहून परतल्यावर फाळक्यांकडे कॅमेरा आहे, पण चित्रपटाला लागणारं भांडवल नाही. विमा पॉलिसी तारण ठेवून उभे केलेले दहा हजार रुपये प्रवासात आणि यंत्रात गेले. पैसे लावणाऱ्याला पटवायला काहीतरी हलतं चित्र दाखवायला हवं. म्हणून कुंडीत वाटाणा पेरायचा आणि तो उगवून वेल होईपर्यंत समोर कॅमेरा ठेवून थोडी थोडी चित्रं घेत राहायची. पडद्यावर हे गमतीत निघून जातं, पण यातली अडचण समजली की प्रसंगाची मजा दुप्पट होते. त्या काळच्या कॅमेऱ्याला मोटार नव्हती, हाताने दांडा फिरवायचा. साधारणपणे दांड्याच्या एका फेऱ्यात ८ चित्रं, सेकंदाला दोन फेरे, म्हणजे सेकंदाला १६ चित्रं. एक मिनिटाच्या पटाला ९६० चित्रं लागतात. महिनाभर चित्रीकरण चाललं असं धरलं तर दिवसाला ३२. 'रोज एक चित्र घेतलं' असं काही ठिकाणी सांगतात. त्या हिशेबाने महिन्याभराचा पट दोन सेकंदांत संपेल. आता यात बिघडण्यासारखं काय काय आहे पाहा. कॅमेऱ्याची तिवई बोटभर जरी सरकली तरी पडद्यावर रोप उडी मारतं. पाणी घालताना कुंडी फिरली की पान एकदम दुसरीकडे. सकाळचं एक चित्र आणि दुपारचं एक चित्र शेजारी आलं की उजेड लुकलुकतो. घरात लहान मुलं असताना महिनाभर एक कुंडी आणि एक तिवई जागच्या जागी राखायची! एवढं सगळं जमलं आणि यशवंत नाडकर्णींसारख्या छायाचित्रणाच्या सामानाच्या व्यापाऱ्याने पैसे पुढे केले. व्यापाऱ्याला कथा ऐकवून पटवण्यापेक्षा उगवणारा वाटाणा दाखवणं जास्त परिणामकारक ठरलं, यात फाळक्यांचा धंद्याचा मेंदू दिसतो.

दुसरी जागा भोकांची. आपण फिल्मच्या कडेची चौकोनी भोकं कधी लक्षात घेत नाही. तेव्हा कोरी फिल्म सलग पट्टी म्हणून यायची आणि भोकं घरी पाडावी लागायची. त्यासाठीचं यंत्र फाळक्यांनी लंडनहूनच आणलं होतं. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात १६ चित्रं आणि प्रत्येक चित्राच्या दोन्ही कडांना चार-चार भोकं, म्हणजे फुटाला १२८. 'राजा हरिश्चंद्र'ची लांबी होती ३७०० फूट. गुणाकार केला तर ४ लाख ७३ हजार ६०० भोकं, आणि तीही फक्त पडद्यावर चालणाऱ्या एका प्रतीची. मूळ निगेटिव्ह धरली तर आकडा दुप्पट. वाया गेलेली फिल्म वेगळीच. यंत्राच्या एका दाबात एकाहून जास्त भोकं पडत असली तरी काम कंटाळवाणं ते कंटाळवाणंच. अंतर केसभर चुकलं तर चित्र थरथरतं, जास्त चुकलं तर फिल्म प्रोजेक्टरच्या दात्यांवर फाटते. आणि हे सारं अंधारात, कारण फिल्मवर उजेड पडला की ती गेली. हे काम सरस्वतीबाई करायच्या, दिवसभराचा स्वयंपाक उरकून, रात्री. फिल्म धुण्यातही त्यांचा हात होता. चित्रपटात विभावरी देशपांडे यांनी ही बाई उभी केली आहे आणि ती कुठेही 'थोर पुरुषामागची सोशिक पत्नी' होत नाही. तिला यंत्रात रस आहे. नवरा समजावून सांगतो, ती समजून घेते, मग त्याच्यापेक्षा नीट करते.

नंदू माधव यांच्या फाळक्यांबद्दल मतभेद होऊ शकतात. ते सतत चालत, पळत, बोलत असतात. हातवारे मोठे, चेहऱ्यावर कायम काहीतरी शिजत असल्याचा भाव. पहिल्या पंधरा मिनिटांत हे जरा जास्त वाटतं. नंतर लक्षात येतं की अख्खा चित्रपटच मूकपटाच्या चालीवर बेतलेला आहे. कॅमेरा बहुतेक वेळा दूर आणि स्थिर उभा आहे, चौकट रंगमंचासारखी, माणसं डावीकडून येतात आणि उजवीकडे निघून जातात. चेहऱ्याजवळ जाऊन डोळ्यांतलं पाणी टिपायचा मोह दिग्दर्शकाने जवळजवळ पूर्ण टाळला आहे. आनंद मोडक यांचं संगीतही त्याच चालीचं, हलकं, पळतं. ज्यांना चरित्रपट म्हणजे पार्श्वसंगीताचा पूर आणि अर्ध्या तासाला एक भाषण असं वाटतं, त्यांना इथे मोकळा श्वास घेता येतो. दारिद्र्य आहे, पण त्याची जाहिरात नाही. कपाट विकलं जातं आणि पोरं रिकाम्या झालेल्या जागेत खेळायला लागतात, इतक्या सहजपणे ते येतं. डोळे जाण्याचा प्रसंगसुद्धा असाच. माणूस आंधळा होण्याच्या काठावर आहे आणि चित्रपट विनोदाची लय सोडत नाही.

मग येतो नटांचा शोध, आणि इथे प्रेक्षक हमखास हसतो. तारामतीसाठी बाई मिळत नाही. फाळके वेश्यावस्तीतही जाऊन येतात, तिथूनही नकार. शेवटी ग्रँट रोडच्या एका खाणावळीत काम करणारा सडपातळ हातांचा अण्णा साळुंके सापडतो. तिथे त्याला महिना दहा रुपये मिळायचे, फाळके पंधरा देतात. बाकी स्त्री भूमिकाही पुरुषांच्याच, आणि त्यांच्या मिश्या हा मोठा प्रश्न, कारण बाप जिवंत असताना मिशी काढायची कशी? चित्रपटाच्या नावाचा उगमही याच भागात आहे. सिनेमात काम करतो म्हणून सांगितलं तर लोक नाव ठेवतील, म्हणून नटांनी 'हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहे' असं सांगायचं. नाव म्हणून हे फार चपखल आहे, कारण फाळक्यांच्या दादरच्या बंगल्यात खरोखरच कारखाना चालू होता. एका खोलीत फिल्म धुतली जातेय, अंगणात पडदे रंगवले जाताहेत, स्वयंपाकघरात कंपनीभर माणसांचं जेवण शिजतंय. विजेच्या दिव्यांवर चित्रीकरण नव्हतंच, सगळी भिस्त सूर्यावर. शिवाय तेव्हाच्या फिल्मला तांबडा रंग 'दिसत' नसे. लाल कुंकू, लाल ओठ पडद्यावर काळे यायचे. कपडे आणि रंगभूषा ठरवताना डोळ्यांना जे दिसतं त्यावर विसंबून चालत नसे.

त्र्यंबक तेलंग हे कॅमेरा चालवणारे. फाळक्यांनी हाताशी धरून शिकवलेला त्र्यंबकेश्वरचा हा मित्र. त्यांच्याविषयी चित्रपटात आणखी थोडं हवं होतं. दांड्याची लय बिघडली की पडद्यावरचा राजा एकदम धावायला लागणार किंवा रेंगाळणार. समोर पन्नास माणसं तलवारी घेऊन उभी असताना मनातल्या मनात लय मोजत दांडा फिरवणारा माणूस हा विनोदी चित्रपटाला आयता मिळालेला ऐवज होता.

वांगणीच्या बाह्यचित्रीकरणाचा किस्सा मात्र सोडलेला नाही. तलवारी घेतलेली माणसं गावात उतरतात, लोकांना वाटतं दरोडेखोर आले, पाटील-फौजदारापर्यंत प्रकरण जातं. फाळक्यांनी त्यांना समजावताना रिकाम्या कॅमेऱ्याने चित्रीकरण करून दाखवलं, असं चरित्रात आहे. फिल्म महाग होती, समजूत फुकट घालता येत होती.

आता खटकणाऱ्या गोष्टी. पहिली, लंडनचा भाग. इंग्रज पात्रं पुठ्ठ्याची वाटतात. 'बायोस्कोप' साप्ताहिकाचे संपादक कॅबॉर्न अनोळखी भारतीय माणसाला इतक्या पटकन मदत करतात, आणि ती मदत खरी असली तरी पडद्यावर ती पटत नाही. भेटीला जरा वेळ द्यायला हवा होता. दुसरी, दिग्दर्शकाने घेतलेली हलकी लय काही ठिकाणी अंगाशी येते. सतत कर्जात असलेल्या घरात बायको एकदाही चिडत नाही, मोठा मुलगा एकदाही रुसत नाही, हे जरा जास्तच गोड आहे. घरात निदान एक भांडण असतं तर नंतरचं यश जास्त चवीचं लागलं असतं. तिसरी, इतिहासाची. १८ मे १९१२ ला, म्हणजे जवळपास वर्षभर आधी, दादासाहेब तोरणे यांचा 'श्री पुंडलिक' पुढे 'राजा हरिश्चंद्र' जिथे लागला त्याच गिरगावच्या कोरोनेशन चित्रपटगृहात लागला होता. तो रंगमंचावरच्या नाटकाचं चित्रण होता आणि फिल्म धुण्याचं काम परदेशात झालं होतं, म्हणून 'पहिला भारतीय चित्रपट' हा मान फाळक्यांकडे जातो. या वादाचा विचार करूनच पाहायला बसावं. मोकाशींचा चित्रपट फाळक्यांच्या प्रेमात आहे आणि ते लपवत नाही.

चौथी गोष्ट तक्रार म्हणावी की नाही, हे ठरत नाही. चित्रपट १९१४ च्या लंडन दौऱ्यापाशी थांबतो. फाळके आपले पट घेऊन तिथे जातात, कौतुक होतं, तिथेच राहून काम करण्याचा देकार येतो आणि ते नाकारून परततात. पुढे महायुद्ध, पैशांची ओढाताण, भागीदारांशी मतभेद, बोलपटाच्या काळात मागे पडणं, १९४४ मध्ये नाशिकला मृत्यू, हे सगळं बाहेर ठेवलं आहे. जिथे खेळ रंगतो तिथेच पडदा पाडला आहे. पूर्ण फाळके हवे असतील तर चरित्राकडे वळावं लागेल.

खेळ पडद्यावर येण्याच्या भागात आकड्यांची एक गंमत आहे, जी चित्रपटापेक्षा इतिहासात जास्त रंगते. ३ मे १९१३ ला कोरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला तेव्हा तो एकटा नव्हता. सोबत नाच, पायांनी कसरती करणारा कलावंत, विनोदी नकला असा दीड तासाचा कार्यक्रम होता. सिनेमा अजून जत्रेतल्या खेळांच्या रांगेत उभा होता. पुढे सुरतेला प्रेक्षक येईनात, तेव्हा फाळक्यांनी केलेली जाहिरात प्रसिद्ध आहे: ५७ हजार छायाचित्रांचा खेळ, दोन मैल लांबीचं चित्र, सगळं फक्त तीन आण्यांत. हिशेब करून पाहा. ५७ हजारांना १६ ने भागलं तर साधारण ३५६० फूट येतात, म्हणजे चित्रांचा आकडा जवळजवळ बरोबर. पण ३७०० फूट म्हणजे पाऊण मैलही नाही! दोन मैलांची थाप बिनदिक्कत मारली आहे, आणि ती मारणारा माणूस सत्यवादी हरिश्चंद्राचं चित्र विकत होता. मोकाशींच्या फाळक्यांच्या डोळ्यांत जी मिश्कील चमक आहे ती कुठून आली, हे अशा तपशिलांवरून समजतं.

पाहताना काही व्यावहारिक गोष्टी. चौकटी रुंद आणि स्थिर असल्याने महत्त्वाच्या हालचाली बऱ्याचदा कडांना घडतात. म्हणून दोन्ही कडा कापलेली किंवा ताणून पडदाभर केलेली प्रत टाळावी. मोबाइलवर पाहिलात तर निम्मे विनोद हुकतील. मराठी न कळणारं कोणी सोबत असेल तर उपशीर्षकं असलेली प्रत शोधावी. भाषा मराठी असली तरी गिरगावातल्या गर्दीत इतर भाषाही कानावर पडतात. मुलांसोबत पाहताना वेश्यावस्तीचा प्रसंग येतो, तो सभ्यपणे हाताळला आहे. दहा वर्षांची मुलगी 'त्या बायका नाही का म्हणाल्या?' असं विचारेल एवढी तयारी ठेवावी. मध्येच थांबवायचं असेल तर लंडनहून परतल्यावर थांबवावं. तिथून पुढे गती वाढत जाते आणि तोडलेलं चालत नाही.

लगोलग करण्यासारखं दुसरं काम म्हणजे खरा 'राजा हरिश्चंद्र' पाहणं. त्यातलं पहिलं आणि शेवटचं रीळ पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जपलं गेलं आहे, मिळून सुमारे १४७५ फूट, आणि त्याच्या प्रती इंटरनेटवर सापडतात. ही रिळं १९१३ ची की फाळक्यांनीच १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या आवृत्तीची, यावर अभ्यासकांत वाद आहे. पाहताना एक चूक जवळजवळ सगळे करतात: माणसं तुरुतुरु पळताना दिसली की 'जुने सिनेमे असेच असायचे' म्हणून हसतात. सेकंदाला १६ चित्रांनी घेतलेली फिल्म २४ च्या वेगाने चालवली तर सगळं दीडपट पळणारच. एका फुटाला एक सेकंद धरला तर १४७५ फुटांना साडेचोवीस मिनिटं लागायला हवीत. तुमची प्रत सोळा-सतरा मिनिटांत संपत असेल तर ती पळवलेली आहे. व्हिडिओचा वेग ०.६७ च्या जवळ, तो पर्याय नसेल तर ०.७५ वर ठेवावा. चाल लगेच माणसाची होते, आणि साळुंकेंची तारामती हास्यास्पद वाटायची थांबते. हातांची ठेवण, पदर सावरणं, मुलाकडे पाहणं यांत मेहनत दिसते. मोकाशींनी ज्या मिश्यांवरून हसवलं, त्या निघाल्यावर काय उभं राहिलं, ते इथे कळतं.

कोणाला आवडणार नाही? ज्यांना नायकाचा संघर्ष छातीत रुतायला हवा असतो, त्यांना हा चित्रपट थंड वाटेल. ज्यांना इतिहासात तारखांची काटेकोर साखळी हवी, त्यांचीही निराशा होईल. प्रसंग एकमेकांत मिसळले आहेत. ज्यांना घरात एखादं यंत्र उघडून बसणारा माणूस ओळखीचा आहे, त्यांना मात्र यातलं सगळं घर ओळखीचं वाटेल.

मुलांना आणखी हवं असेल तर फाळक्यांचा १९१९ चा 'कालिया मर्दन' लावावा. त्याचा बराच भाग शिल्लक आहे. बाळकृष्ण झालेली मंदाकिनी ही फाळक्यांची मुलगी, आणि सुरुवातीलाच ती कॅमेऱ्यासमोर एकामागून एक भाव बदलून दाखवते. आणि भाचा विचारेल की मग पडद्यावर बायका आल्या कधी, तर उत्तर फार लांब नाही: त्याच १९१३ सालच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला यांनी काम केलं. वर्षभराच्या आतच मिश्यांचा प्रश्न सुटायला सुरुवात झाली होती. साळुंकेंचं काम मात्र थांबलं नाही. १९१७ च्या 'लंका दहन'मध्ये राम त्यांनीच केला आणि सीताही त्यांनीच.